पहिल्या पंगतीतलं तुझं पान

मावशी, माझं म्हणणं अजूनही तेच आहे. पोटातून करायला हवं होतं. तू आता नाहीस म्हणून मी माघार घेईन असं वाटत असेल, तर ते डोक्यातून काढून टाक. काल तुझी तेरवी झाली, पाहुणे पांगले, मी सिंदी मेघेला माझ्या घरी आले, चहा घेऊन ओट्यावर बसले, आणि पहिला विचार हाच आला की आता भांडायचं कोणाशी.

तू गेलीसही तुझ्या मनासारखी. दुपारचा चहा झाला, अंगणातल्या खुर्चीत बसलीस, मावसाजींना म्हणालीस, "ऊन सरकून राह्यलं, खुर्ची जराशी तिकडे घ्या." मावसाजी काठी शोधून तुझ्यापर्यंत येईस्तोवर तू निघून गेली होतीस. हृदय थकलेलंच होतं तुझं, आपल्याला ठाऊक होतं. मी रडले, पोटभर रडले, पण त्यात तक्रार नव्हती. असं मरण मागून मिळत नाही.

तेरा दिवस घरात जो येई तो एकच बोले. "देवकाबाई म्हणजे अन्नपूर्णा. जगाले वाढल्याशिवाय घास नाई घेतला बाईनं." मी ऐकून घेत होते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "अन्नपूर्णा कायची बाप्पा, मले बसता येत नोतं."

नालवाडीच्या तुझ्या घरच्या महालक्ष्म्या आम्हा सगळ्यांच्या वर्षाचा मोठा दिवस. ज्येष्ठा-कनिष्ठा मांडायच्या, सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरणपोळी, आणि दुपारपासून पंगतीवर पंगती. पदर खोचून कढीचं भांडं घेतलेली तू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरायचीस. कोणी हात धरून बसवायला गेलं की तुझं ठरलेलं वाक्य यायचं, "मी मागून बसतो, माह्यं काय घाईचं." मावसाजी पाहुण्यांना अभिमानाने सांगायचे, आमची देवका सगळ्यात शेवटी जेवते. ते जितकं कौतुक करायचे तितकी तू त्यात अडकत जायचीस, हे तेव्हा कोणाला कळणार?

माझ्या नजरेला दोन गोष्टी खटकायच्या. एक तुझं लुगडं. चॉकलेटी, जांभळं, काळपट हिरवं. भाचीच्या लग्नातसुद्धा फिका रंग नाही. दुसरं, गोधडीचा तो चौकोनी तुकडा. मी एस.टी.त कंडक्टर होते, कारंज्याची फेरी माझ्याकडे असायची. तुझ्या लेकाची, प्रमोदची सासुरवाडी कारंजा घाडगे, त्यामुळे विहिणीकडे तुझं जाणंयेणं. गाडीत चढलीस की पिशवीतून तो तुकडा काढून सीटवर अंथरायचीस आणि मग बसायचीस. मी सगळ्या गाडीसमोर म्हणायचे, "सरका वो, महाराणी आपलं आसन घेऊन आली." तूही हसायचीस. हसताना तोंडावर पदर घ्यायचीस आणि दुसरा हात पोटावर दाबायचीस, ते मी कधी नीट पाहिलं नव्हतं.

मग ती महालक्ष्मी आली. पंगती उठल्या, सगळे सुस्तावले, तुझं जेवण राहिलं म्हणून मी मागच्या दारी आले. न्हाणीचं दार नुसतं लोटलेलं. तू कुशीवर पडलेली, बोटांना खोबरेल तेल, ओठ दातांत धरलेला.

"कायले आली अठी? जाय, पत्रावळी उचल."

"मावशी, हे काय झालं तुले?"

"मूळव्याध हाय. जाते आत."

मी पाहिलं होतं ते. लालभडक, मुठीएवढं. "हे मूळव्याध नाई दिसत," म्हटलं.

"तू डॉक्टरीन हायस का? टिकिटं फाडजो तुही."

हात धुवायला उठलीस. आधी राखेने, मग साबणाने, परत राखेने. तुझ्या हातांची सालटं निघायची, आम्हाला वाटायचं भांड्यांमुळे. त्या दिवशी न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून तू सगळं सांगितलंस. प्रमोदच्या लग्नाच्या आधीपासून होतं. आधी परसाकडे जोर केला की यायचं, आपोआप जायचं. मग बोटाने ढकलावं लागायला लागलं. मग पाण्याची गुंडी उचलली तरी, खोकला आला तरी, मांडी घालून बसून उठलं तरी. ओलं लागायचं, कधी रक्ताचा डाग. म्हणून गडद लुगडं, म्हणून गोधडीचा तुकडा, म्हणून कुठं जायचं असलं की आदल्या सांजेपासून उपास. बाजारातल्या एका माणसाचं मूळव्याधीचं चूर्ण तू आणून खात होतीस, त्याने पोट तेवढं आवळून यायचं आणि दुखणं वाढायचं.

"सांगतलं काऊन नाई कोनाले?" मी चिडले होते. मला राग लवकर येतो, आणि भीती वाटली की जास्तच येतो.

तू हातांकडे पाहत म्हणालीस, "हेच हात कुंदे. ह्याच हातानं ते आत ढकलतो, आन ह्याच हातानं महालक्ष्मीचा नैवेद्य करतो. लोकाईले समजलं तर माह्या हातचं खाईन का कोनी?"

तेव्हा मला कळलं की तुला दुखण्याची भीती नव्हतीच. तुला तुझ्या हातांची लाज वाटत होती. मी तिथंच ठरवलं की हिला दवाखान्यात न्यायचं. आणि मी ठरवलं की काय होतं हे कारंज्याच्या गाडीतल्या कुठल्याही प्रवाशाला विचार.

मोठ्या दवाखान्यात सर्जन मॅडम होत्या, म्हणून तू आत तरी गेलीस. त्यांनी सांगितलं, संडासात बसून जोर करा, बाहेर आलं की मला बोलवा. तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी जागच्या जागी राख व्हावी. "देवाले दाखवलं नाई ते हिले दाखवू?" पण दाखवलंस. मॅडमनी एका नजरेत ओळखलं. म्हणाल्या, मूळव्याधीचे कोंब वेगवेगळे दिसतात, इथे सगळीकडून गोल वळ्या आहेत, म्हणजे आतडंच उलटून बाहेर येतंय. ह्याला गुदभ्रंश म्हणतात. लहान पोरीचा फ्रॉक काढताना बाही उलटी होऊन बाहेर येते ना, तसं. तुला ते लगेच पटलं. मग त्यांनी दुर्बिणीने मोठं आतडं तपासून घेतलं, आत गाठबीठ नाही ह्याची खात्री केली, ते चूर्ण बंद करवलं आणि आपल्या दोघींना समोर बसवलं.

तिथून आपलं भांडण सुरू झालं.

मॅडम म्हणाल्या, औषधाने पोट साफ राहील, पण बाहेर येणारं आतडं जागेवर बसणार नाही, त्याला ऑपरेशनच. वाटा दोन. एक वरून. पोटाला लहान छिद्रं पाडून आतडं वर ओढायचं आणि कण्याच्या खालच्या हाडाला टाक्यांनी किंवा जाळीने बांधून टाकायचं. हे जास्त टिकतं, पण पूर्ण भूल लागते. दुसरी वाट खालून, पोटाला हात न लावता. बाहेर येणाऱ्या भागाचं आतलं अस्तर काढायचं आणि उरलेल्याला चुण्या घालून शिवायचं. फार मोठं असेल तर तो भागच कापून दोन टोकं जोडायची. ह्याला कमरेतलं इंजेक्शन पुरतं, शरीराला हलकं जातं, पण पुन्हा बाहेर यायची शक्यता जास्त. पूर्वी भोवती नुसता दोरा बांधत, ते आता फारसं करत नाहीत. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तुझं हृदय तपासलं आणि म्हणाले, पूर्ण भूल देता येईल, पण तुमच्या बाबतीत जोखीम वाढते. विचार करून सांगा.

बाहेरच्या बाकड्यावर आपण विचार केला म्हणायचं. खरं तर सगळी ओपीडी ऐकत होती.

"पोटातून करू," मी म्हटलं. "एकदाच, पक्कं."

"मले पक्कं नाई पाहिजे. मले उठून घरी यायचं हाय."

"अन परत आलं त?"

"आलं त आलं."

"असं कसं आलं त आलं? परत त्याच चिंध्या, तेच तेल?"

"कुंदे, शरीर माह्यं आन हट्ट तुहा. कसं जमन?"

मॅडमनी तुला आत बोलावून विचारलं, आजी, तुम्हाला ह्यातून नेमकं काय हवंय? मला वाटलं तू म्हणशील, दुखणं जावं. तू म्हणालीस, "मले चार बायांसंगं मांडी घालून जेवायचं हाय, आन सगळ्यायसंगं उठायचं हाय. येत्या भादव्यात. मंग काई का होईना." मॅडम म्हणाल्या, मग खालून करू. मी तोंड फुगवून बसले. अजूनही थोडं फुगलेलंच आहे.

मावसाजींना मात्र तूच सांगितलंस. कागदावर सही करायला आले तेव्हा त्यांना वाटत होतं मूळव्याध आहे. तू सगळं सांगितल्यावर त्यांनी हातातलं पेन कागदावर ठेवलं. मग एवढंच म्हणाले, "म्हंजे इतके वर्ष तू उपाशी वाढत होती." तू म्हणालीस, "उपाशी नाई, उशिरा."

ऑपरेशन चालू असताना तू जागी होतीस. भूलतज्ज्ञाला अंबाडीची भाजी कशी शिजवायची ते शिकवलंस म्हणे. पुढचे दिवस मात्र तू आमचा जीव खाल्लास. इसबगोल नको, पपईचा वास येतो, कमोडवर बसून कोणाला होतं का. जोर करायचा नाही, जड उचलायचं नाही, हे तुला सांगायला वैशालीला तुझ्या मागे मागे फिरावं लागायचं. तुझी सून आहे म्हणून टिकली, मी असते तर पळाले असते. आत आवळायचा तो व्यायाम तू भजनात बसून करायचीस. टाळ वाजवता वाजवता माझ्या कानात म्हणायचीस, "करून राह्यली वो, चेहरा नको पाहू." आणि मला हसू आवरायचं नाही, भजनी बाया डोळे वटारायच्या.

भादवा आला. मला तो दिवस जसाच्या तसा आठवतो, आणि हे लिहिताना आता डोळे भरून आले तरी मी आनंदातच आहे. तू मोतिया रंगाचं लुगडं नेसून आलीस. आम्ही सगळ्या बघतच राहिलो. पहिली पंगत मांडली तेव्हा तू सरळ जाऊन मधल्या पानावर मांडी घातलीस. कढीचं भांडं मावसाजींनी घेतलं. अर्धी कढी भातावर, अर्धी पाटावर. "आज मी वाढतो," म्हणाले. तू पुरणपोळी मागून घेतलीस, वर तूप मागून घेतलंस, आंबील दोनदा घेतलीस. गरम पुरणपोळी कशी लागते ते तुला आठवतच नव्हतं, तूच म्हणालीस.

जेवण झालं. सगळ्या उठायला लागल्या. तू मला खुणेने बोलावलंस आणि हळूच म्हणालीस, "कुंदे, मी उठतो तवा तू मागं राह्य." मी भाजीचं भांडं तसंच घेऊन तुझ्या मागे उभी राहिले. तू जमिनीला हात टेकून उठलीस. जुन्या सवयीने हात मागे गेला.

"काई नाई मावशी," मी म्हटलं. "कोरं हाय."

तू माझ्याकडे वळून पाहिलंस. त्या नजरेवर मी पुढची सगळी वर्षं तुझे टोमणे ऐकून घेतले.

त्यानंतर तू जे केलंस ते मात्र मला जमलं नसतं. विडे सुपारी चालू असताना, पाच-सहा बाया बसलेल्या, तू सरळ सांगून टाकलंस. काय होत होतं, किती वर्षं, कोणत्या हाताने ढकलायची, काय शिवलं, सगळं. मी खाली मान घालून बसले. मला वाटलं आता कोणी ह्या घरी जेवणार नाही. एक बाई म्हणाली, माझ्या आईलाही असंच होतं, ती तशीच गेली. दुसरी तुझ्या जवळ सरकली. कोणीच उठलं नाही. उठली ती एकटी तुझी विहीण, वैशालीची आई. "असं चारचौघीत बोलते का कोनी," म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. मला संताप आला. मानाची असली म्हणून काय झालं, तिला चार शब्द ऐकवायला मी निघालेच होते. तू माझा पदर ओढलास. "राहू दे. तिले टोकू नको. तिचं ती येईन." मला वाटलं विहीण म्हणून तू मान ठेवतेस.

काही वर्षांनी परत आलं. थोडंसंच, पण आलं. मी म्हटलं, "सांगत होतो का नाई?" तू म्हणालीस, "तू सांगत होती तेही खरं, आन मी केलं तेही खरं." मॅडमनी पुन्हा तपासलं, पोटातून करायचं का म्हणून विचारलं. हृदय तोवर आणखी थकलं होतं. तू नको म्हणालीस. त्यांनी बजावलं, पोट मऊ ठेवा, आत गेलं नाही किंवा काळं पडलं तर तशाच निघून या. तू हो म्हणालीस आणि भादव्यात परत पहिल्या पंगतीत बसलीस. आतडं परत आलं, लाज काही परत आली नाही. शेजारणीलाच सांगायचीस, "उठतो तवा पाहजो वो जरा." आणि शेजारीण पाहायची, जसं कोणाच्या केसातलं कुसळ काढावं तसं.

तरी मी म्हणतच राहिले की पोटातून केलं असतं तर ही वेळ आली नसती. शेवटच्या महिन्यातही आपण ह्यावर भांडलो. तू म्हणालीस, "मी मेल्यावर जिंकजो." बघ, तेही होत नाही. एकटीने कसलं जिंकायचं.

आता कालचं सांगते. त्यासाठीच हे लिहायला बसले.

तेरवीची पंगत मांडली. विहिणीचं पान मानाचं, पहिल्या पंगतीत, ते काही तुला सांगायला नको. मी तिला बोलवायला गेले. गर्द जांभळं लुगडं नेसून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात वरणाचं भांडं. वैशाली म्हणत होती, आई, तू बस ना, पाहुणी आहेस. आणि ती म्हणाली, "मी मागून बसतो वो, माह्यं काय घाईचं."

मावशी, माझ्या हातातली पत्रावळ गळाली.

मी तिच्या हाताकडे पाहिलं. सालटं निघालेली. त्या महालक्ष्मीला ती आतल्या खोलीत का उठून गेली, ते मला काल कळलं. तुला तर ते तेव्हाच कळलं होतं.

मी तिच्या हातातलं भांडं घेऊन वैशालीला दिलं आणि तिला मागच्या दारी नेलं, न्हाणीच्या त्याच उंबऱ्यावर. "विहीणबाई," म्हटलं, "कधीपासून हाय?" ती आधी म्हणाली, काय कधीपासून. मग तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. म्हणाली, "देवकाबाईले ह्या भादव्यात विचारणार होती मी. मनाशी पक्कं केलतं. ते राहूनच गेलं." मला तिची कीव आली आणि तुझा राग आला, की आणखी थोडी थांबली असतीस तर काय बिघडलं असतं.

आम्ही दोघी शेवटच्या पंगतीत बसलो, भिंतीच्या कडेला. पहिल्या पंगतीला ती नाहीच म्हणाली; मी शेजारी बसते म्हटल्यावर एवढ्याला तयार झाली. वैशालीने वाढलं. विहीणबाई हळूहळू जेवली. मध्येच खालच्या आवाजात विचारलं, "कुंदाताई, ते वरून बरं का खालून?"

जिभेवर आलं होतं माझ्या. तुला माहीत आहे काय आलं होतं. मी भाताचा घास घेतला आणि तो नीट चावून गिळला. "ते डॉक्टरीन पाहून सांगन, मंग तुमी ठरवजा," म्हटलं. "मी सोबत येतो."

पंगत उठली. माणसं हात धुवायला गेली. ती तशीच बसून राहिली, एक हात जमिनीला टेकलेला, नजर दाराकडे. मी उठले आणि तिच्या मागे जाऊन उभी राहिले.

"उठा विहीणबाई," म्हटलं. "मी मागं हाव."